डॉक्टर पणजोबांची ट्रंक उघडताना: सर्टिफिकेटं नंतर, आधी उधारीची वही

घरात कुणी जुने डॉक्टर होऊन गेले असतील, म्हणजे ब्रिटिश काळात तालुक्याच्या गावात किंवा मुंबई-पुण्याच्या एखाद्या पेठेत दवाखाना चालवणारे, तर माळ्यावर एक तरी ट्रंक असतेच. वाडा पाडायला निघाला की ती खाली येते आणि मग दोन दिवसांत ठरवायचं असतं काय ठेवायचं आणि काय रद्दीत घालायचं. बहुतेक घरांत काय होतं ते मी पाहिलंय. सर्टिफिकेट फ्रेम होतं, स्टेथोस्कोप शोकेसमधे जातो, आणि लाल कापडी पुठ्ठ्याच्या जाडजूड वह्या किलोच्या भावाने जातात. माझं म्हणणं एवढंच आहे की हे उलटं करा. सर्टिफिकेटची नोंद युनिव्हर्सिटीकडे, मेडिकल कौन्सिलकडे कुठेतरी सापडू शकते, पण उधारीची वही जगात एकच असते आणि डॉक्टरकी म्हणजे नेमकं काय होतं ते तिच्यातच असतं.

आमचे पणजोबा एलसीपीएस (तेव्हाचा डॉक्टरकीचा डिप्लोमा), सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस, साधारण १९२० नंतर ते स्वातंत्र्यापर्यंत. त्यांची ट्रंक लावायला मला तीन वर्षं लागली आणि सुरुवातीला चुकाही झाल्या, त्यामुळे पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितोय.

आधी काहीच हलवू नका

ट्रंक उघडली की पहिलं काम मोबाईल काढून फोटो घेणं. वरचा थर, मग एक गठ्ठा उचलला की पुन्हा फोटो. कारण कुठला कागद कुठल्या वहीत खोचलेला होता हीसुद्धा माहिती आहे, आणि ती एकदा गेली की गेली. आमच्याकडे एका वहीच्या मधोमध मिरजेच्या हॉस्पिटलची चिठ्ठी होती, मी ती "पत्रं" म्हणून वेगळी काढून ठेवली आणि मग सहा महिने शोधत बसलो की ही कुठल्या पेशंटबद्दल आहे. ज्या पानात होती त्याच पानावर त्या बाईंची नोंद होती. (मिरज म्हणजे डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल, १८९४ पासूनचं, दक्षिण महाराष्ट्रातल्या डॉक्टरांच्या कागदांत "मिरजेस पाठविले" ही नोंद सारखी भेटते.)

साफसफाई कोरडी करायची. मऊ ब्रश घ्या, पान आतून बाहेरच्या बाजूला झटका, बस. ओलं फडकं अजिबात नको, आणि याचं कारण नीट समजून घ्या. त्या काळी कार्बन टाकून लिहायला एक पेन्सिल वापरायचे, दिसायला साधी राखाडी, पण पाणी लागलं की अक्षर जांभळं होऊन पसरतं. मी एका पानावरचा डाग पुसायला गेलो आणि माझ्या डोळ्यासमोर चार ओळी जांभळ्या होऊन एकमेकांत मिसळल्या, त्या आता कुणालाच वाचता येणार नाहीत. अजूनही ते पान उघडलं की वाईट वाटतं.

सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच नको. ओळखीतल्या एकांनी प्रेमापोटी सगळी प्रिस्क्रिप्शनं लॅमिनेट करून आणली, आता ते प्लॅस्टिक काढता येत नाही आणि आत कागद पिवळा पडत चाललाय. कसर आणि वाळवी दिसली तर तेवढा गठ्ठा आधी बाजूला काढा, बाकीच्यात मिसळू नका. बांधायला धुतलेलं कोरं मांजरपाट सगळ्यात चांगलं, पूर्वी दफ्तरं रुमालात बांधायचे तसं. रबरबँड वितळून चिकटतात, टाचण्या गंजतात, स्टेपल तर विचारूच नका.

बाटल्या असतील तर थांबा

हे मधेच सांगतो कारण जिवाशी खेळ आहे. दवाखान्याच्या सामानात जुन्या औषधांच्या बाटल्या असतातच. पारा असलेलं कॅलोमेल, आर्सेनिक, स्ट्रिक्निन, अफूचा अर्क ही सगळी तेव्हाची रोजची औषधं होती. झाकण उघडून वास घ्यायचा नाही, मोरीत ओतायचं नाही, लहान मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही. सगळ्यात धोकादायक म्हणजे पिक्रिक ॲसिड, भाजल्यावर लावायला आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासायला वापरायचे. ते सुकून पिवळे स्फटिक झाले असतील तर नुसतं झाकण फिरवलं तरी घर्षणाने स्फोट होऊ शकतो. लेबलवर ते नाव दिसलं किंवा बाटलीच्या तोंडाशी पिवळा थर दिसला तर हात न लावता खोली बंद करा आणि फायर ब्रिगेडला फोन करा. जुन्या एक्सरे फिल्म चिकट झाल्या असतील, विचित्र वास येत असेल तर त्यासुद्धा घराबाहेर सावलीत, आगीपासून लांब ठेवा, जुनी नायट्रेट फिल्म भयंकर पेट घेते.

डॉक्टर नेमके कुठले ते ओळखा

नावापुढची अक्षरं बघा, त्यावरून पिढी कळते. जीजीएमसी असेल तर फार जुने, म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर. कॉलेज १८४५ चं, पहिली तुकडी १८५१ ला बाहेर पडली, त्यात भाऊ दाजी लाड होते. १८५७ ला मुंबई युनिव्हर्सिटी आली, मग एलएम अँड एस ही पदवी, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिची जागा एमबीबीएसने घेतली. एलसीपीएस असेल तर १९१२ ला स्थापन झालेल्या मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचा डिप्लोमा, पुण्याच्या आणि अहमदाबादच्या बी. जे. मेडिकल स्कूलमधे शिकून पोरं ही परीक्षा द्यायची. तालुक्याच्या गावातले बहुतेक फॅमिली डॉक्टर हेच. पदवीवाल्यांपेक्षा यांना कमी समजायचे, पण महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांचा ताप यांनीच उतरवलाय हे वह्या वाचल्या की कळतं.

लेटरहेडवर रजिस्टर नंबर असेल तर १९१२ चा बॉम्बे मेडिकल ॲक्ट आठवा, त्या कायद्याने डॉक्टरांचं रजिस्टर सुरू झालं, म्हणजे तो कागद त्यानंतरचा. घरातले पूर्वज वैद्य किंवा हकीम असतील तर त्यांची नोंदणी १९३८ च्या वेगळ्या कायद्याखाली, गोंधळ करू नका. आणि मूळ गोव्याचे असतील तर पणजीच्या १८४२ च्या मेडिकल स्कूलचे कागद पोर्तुगीजमधे असणार, तिथे पोर्तुगीज वाचणारा माणूस गाठावा लागेल. मुंबईत प्लेग पहिल्यांदा ओळखला तो सप्टेंबर १८९६ मधे, मांडवीत, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी, मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे आणि ग्रँटमधे शिकलेले. ते सरकारी अधिकारी नव्हते, खाजगी प्रॅक्टिस करणारे डॉक्टर होते, घरोघर जाणारे. एवढी मोठी साथ आधी अशा माणसाच्या नजरेला आली, म्हणून तर त्यांचे रोजचे कागद महत्त्वाचे.

प्रिस्क्रिप्शन वाचायला शिका

याला घाबरायचं कारण नाही, पंधरा-वीस खुणा पाठ झाल्या की ऐंशी टक्के काम झालं. वरती आर-एक्सची खूण, खाली औषधं एकाखाली एक, शेवटी पाणी किती घालायचं आणि मग कसं द्यायचं. टीडीएस म्हणजे दिवसातून तीन वेळा, बीडी दोन वेळा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, क्यूएस म्हणजे लागेल तेवढं. मिस्ट म्हणजे मिक्श्चर, पल्व म्हणजे पूड, उंग म्हणजे मलम, लिन म्हणजे चोळायचं तेल.

आता मराठी माणूस हमखास फसतो ती जागा. ड्रॅमची खूण हुबेहूब आपल्या ३ सारखी दिसते. तिच्या डोक्यावर अजून एक वळण असेल तर तो औंस. आणि आकडा त्या खुणेच्या नंतर येतो, छोट्या रोमन अक्षरांत, शेवटच्या 'i' या अक्षराला शेपटी काढून 'j' केलेला. म्हणजे तीनचा आकडा आणि पुढे दोन उभ्या रेघा दिसल्या तर ते बत्तीसही नाही आणि तीनशे अकराही नाही, ते दोन ड्रॅम. मी पहिले दोन महिने सगळीकडे "३" असंच टाईप करत होतो आणि मला वाटत होतं पणजोबांना तीनचं काहीतरी वेड होतं, सगळं परत करावं लागलं. दोन एस एकत्र लिहिले असतील तर अर्धा.

मापं अशी: ६० ग्रेनचा एक ड्रॅम, ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. द्रवाला ६० मिनिमचा एक ड्रॅम, ८ ड्रॅमचा औंस, तो साधारण २८ मिलिलिटर. एक नमुना बघा, हिवतापाचं मिक्श्चर, आमच्या वहीत शेकडो वेळा आहे: क्विनाइन सल्फ १० ग्रेन, डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड १० मिनिम, पाणी घालून १ औंस. ॲसिड बघून दचकू नका, क्विनाइन सल्फेट नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, ते विरघळावं म्हणून थोडं ॲसिड. जिभेवर कडू जहर लागायचं, म्हणून लहान पोरांच्या चिठ्ठीत खाली सिरप दिसतं.

आणि हो, हे सगळं ग्रेन-ड्रॅम प्रकरण स्वातंत्र्यानंतरही चालू होतं, दशमान मापं रुळेपर्यंत, त्यामुळे ग्रेन दिसले म्हणजे ब्रिटिश काळ असं धरून चालू नका.

तारीख नसेल तर औषधांवरून काढा

निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसतं "ता. ७" असतं. मग औषधं बघायची. जुलाब-आवेवर एमेटिनचं इंजेक्शन असेल तर १९१२ नंतरचं. इन्सुलिन असेल तर १९२३ नंतरचं. एम अँड बी ६९३ लिहिलं असेल तर १९३८ नंतरचं, न्यूमोनियाची माणसं त्या गोळीने वाचायला लागली आणि ते नाव खेड्यातल्या लोकांच्यासुद्धा तोंडात बसलं होतं. पेनिसिलिन असेल तर दुसरं महायुद्ध संपल्यानंतरचं समजा. क्विनाइनची तर गोष्टच आहे, मार्च १९४२ मधे जपानने जावा घेतलं आणि जगाचं बहुतेक क्विनाइन तिथून यायचं, ते बंद पडलं. आमच्या वहीत त्यानंतर तेच मिक्श्चर दहाच्या जागी पाच ग्रेनवर आलेलं दिसतं आणि मग मेपाक्रिन हे हिवतापाचं दुसरं औषध सुरू होतं, ज्याने कातडी पिवळी पडायची. पिवळेपणाची तक्रार घेऊन आलेल्या लोकांच्या नोंदी आहेत, समोर लिहिलंय "कावीळ नव्हे, समजावले".

कंपन्यांची बिलंसुद्धा ठेवा. बडोद्याची अलेम्बिक १९०७ ची, सिप्ला १९३५ ची, त्यामुळे बिलावर नाव दिसलं की कागद त्याआधीचा असूच शकत नाही.

मराठी नोंदींत शालिवाहन शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन, फक्त डिसेंबर संपल्यावर ते गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. हिशेबाचं वर्ष मात्र बऱ्याचदा दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतं, नवी वही तेव्हाच घालायचे, पहिल्या पानावर हळदकुंकू आणि श्री. ते पान फाडून देवघरात ठेवू नका, वहीतच राहू दे.

आता उधारीची वही

इथे निवांत बसा, कारण खरी प्रॅक्टिस इथे आहे.

साधारण तीन प्रकारच्या वह्या असतात. प्रिस्क्रिप्शनची नोंद (इंग्रजी-लॅटिन, डॉक्टरांच्या अक्षरात), रोजकीर्द म्हणजे त्या दिवशी काय आलं-गेलं, आणि खातेवही म्हणजे घरागणिक येणं किती. आमच्याकडे शेवटच्या दोन्ही मोडी लिपीत आहेत आणि अक्षर पणजोबांचं नाही. बरेच दिवस घरात सगळे म्हणत होते की पणजोबांचं दोन तऱ्हेचं अक्षर होतं. तसं नव्हतं. हे कंपाउंडरचं अक्षर. डॉक्टर आत तपासायचे, आणि बाहेर खल घेऊन पुड्या बांधणारा, मेजर ग्लासने औषध मोजणारा, कोणाकडून पैसे घ्यायचे आणि कोणाकडे मागायचे नाहीत हे ठरवणारा माणूस तो होता.

मोडी येत नसेल तर शिका, वर्ग असतात, ऑनलाईनही असतात, आणि हिशेबाच्या मोडीत तेच तेच शब्द येतात त्यामुळे पत्रांपेक्षा सोपी जाते. आधी रेघ मारून मग हात न उचलता लिहितात, ऱ्हस्व-दीर्घ नसतं, एवढं लक्षात ठेवून सुरुवात करा. जमा, नावे (म्हणजे येणं), बाकी, हस्ते, पुडी, शिशी, व्हिजिट, असे आठ-दहा शब्द ओळखता आले की ओळ उलगडते. आकड्यात परत एक फसवी जागा: १ च्या पुढे एक उभी रेघ म्हणजे सव्वा, दोन रेघा म्हणजे दीड, तीन म्हणजे पावणेदोन. १॥ हे एकशे अकरा असं काही नाही, दीड रुपया आहे. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, हे १ एप्रिल १९५७ पर्यंत.

आता दोन वह्या शेजारी ठेवून वाचायच्या, खरी गंमत त्यातच आहे. जुन्या मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवलेली असायची, घडी घालून कात्रीने कोपरे कापायचे आणि खळीने चिकटवायची, एक खाच म्हणजे एक डोस. सहा औंसांची बाटली, डोस एक औंस, दिवसातून तीनदा, म्हणजे बाटली दोन दिवसांत संपते. म्हणून प्रिस्क्रिप्शनच्या नोंदीत तेच नाव दर तिसऱ्या दिवशी येतं. येतं, येतं आणि एकदम बंद होतं. बरं वाटलं? गेलं माणूस? की पैसे संपले? प्रिस्क्रिप्शनची वही हे सांगत नाही. खातेवही सांगते. बरं वाटलेल्याच्या खात्यावर सुगीनंतर जमा पडते, रोख किंवा ज्वारी, शेंगा, गूळ, एका खात्यावर चार दिवस बैल दिल्याची जमा आहे. गेलेल्या माणसाचं खातं मुलाच्या नावावर चढतं. आणि काही खात्यांवर बाकीच्या आकड्यावर आडवी रेघ मारून लिहिलेलं असतं "सोडली".

एका बाईंची नोंद आहे, क्षयाची, सात आठवडे दर तिसऱ्या दिवशी बाटली. खात्यावर नावे वाढत जातं, जमा एकदाच, आठ आणे. मग बाटली बंद होते आणि त्याच आठवड्यात रोजकीर्दीत डॉक्टरांच्या स्वतःच्या खर्चात लाकडांचे पैसे लिहिलेत. दोन महिन्यांनी खात्यावर "सोडली". हे तीन वह्यांत विखुरलेलं आहे, एकीत काहीच दिसत नाही. यातली कुठलीही एक रद्दीत गेली असती तर मला ते कधीच कळलं नसतं.

नोंदी उतरवताना एक्सेलमधे सरळ रकाने करा: वही, पान, तारीख जशी आहे तशी, काढलेली तारीख वेगळी, गाव, औषध, नावे, जमा. रोगांची नावं त्यांनी लिहिली तशीच ठेवा, पटकी, देवी, घटसर्प, डांग्या खोकला, विषमज्वर, नारू, त्यांचं आजचं नाव शेजारच्या रकान्यात. "ताप" लिहिलं असेल तर ताप, आपण मलेरिया ठरवायचं नाही. औषधावरून अंदाज येतो पण अंदाज वेगळा लिहा.

नावांचं काय करायचं

पेशंटची नावं वेगळ्या फाईलमधे, आणि ती फाईल कोणालाही द्यायची नाही. मुख्य यादीत नुसता नंबर. वही शंभर वर्षांची असली तरी घरं त्याच गल्लीत आहेत. महारोग, क्षय, गर्मी (सिफिलिस), विहिरीत उडी, नको असलेली गरोदरपणं, सगळं त्यात आहे, आणि डॉक्टरांवर विश्वास टाकून सांगितलेलं आहे. पान व्हॉट्सॲपवर टाकायचा मोह होतो, सुंदर अक्षर असतं, पण टाकायच्या आधी नाव झाका, गाव लहान असेल तर गावही झाका. कुणी स्वतःच्या आजीची नोंद विचारायला आलं तर त्यांना एकट्याला, समोर बसवून दाखवा, आणि आधी विचारा की काहीही निघालं तरी बघायचंय का.

शेवटी कुठे ठेवायचं

आधी सगळं स्कॅन, निदान मोबाईलवर दिवसाच्या उजेडात, वही सपाट न दाबता, कोरी पानंसुद्धा. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. मूळ कागद घरी नीट राहणार नसतील तर संस्थेला विचारा: मुंबईत आणि पुण्यात राज्य पुराभिलेखागार आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, गोव्यात पणजीला पुराभिलेख आहे. न सांगता गोणी नेऊन ठेवू नका, आधी यादी पाठवा, ते घेतात का विचारा, आणि पेशंटची नावं किती वर्षं झाकून ठेवायची हे लेखी ठरवून घ्या. आणि सगळा संच एकत्र द्या. सर्टिफिकेट एकाकडे, वह्या दुसऱ्याकडे असं वाटून दिलंत की पुन्हा कोणी जुळवत नाही.

यादीच्या वरती डॉक्टरांचं नाव, पदवी, गाव, वर्षं लिहाल तेव्हा त्याच्याखाली कंपाउंडरचं नावही स्वतंत्र ओळीत लिहा. वहीत ते स्वतःचं नाव लिहीत नाहीत, पण रोजकीर्दीत दर महिन्याच्या पगाराच्या नोंदीत सापडेल, आम्हाला तिथेच सापडलं, बावीस वर्षं एकच नाव.